शकुंतलेच्या छोट्या इंजिनात मोटर कोणती बसवायची: एन-20, वर्म गिअर, बीओ मोटर का तयार चासीस?

माझं दुकान मोटर रिवाइंडिंगचं, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात. तीन एचपी, पाच एचपीच्या सबमर्सिबल जळून येतात, जुनी तार काढायची नवी भरायची हा धंदा, आणि त्याच टेबलाच्या कोपऱ्यात चिमटीत मावणारी एक मोटर पडलेली असते, तिला पाहून गिऱ्हाईक हमखास विचारते का हे कोणत्या पंपाची हो. पंपाची नाही बापा, इंजिनाची आहे. शकुंतला रेल्वेच्या छोट्या मॉडेलच्या.

मागच्या महिन्यात अंजनगावकडच्या एका गुरुजींचा फोन आला. त्यांनी शकुंतलेचं वाफेचं इंजिन बनवलं आहे, पत्रा आणि पीव्हीसी पाइप वापरून, बॉडी तयार, चाकं तयार, आणि मोटर-गिअरपाशी येऊन अडले. "एकच सांगा, कोणतं घेऊ? पैसे एकदाच मिळतील, दुसऱ्यांदा मागितले तर घरातून मीच निघेन." म्हटलं गुरुजी, एका वाक्यात नाही सांगता येत, लिहून पाठवतो. तर हे ते. आणखी कोणी ह्याच विचारात अडकून राहिला असेल तर त्याच्याही कामी येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी लाइन, इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीनं काढलेली, इकडचा कापूस बाहेर न्यायला. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं इंजिन 1923 पासून तिच्यावर होतं ते थेट 15 एप्रिल 1994 पर्यंत, त्या दिवशी ते उतरवलं आणि डिझेल आलं. तेव्हा मी शाळेत होतो. गाडी पळताना कशी दिसायची ते मला धड आठवत नाही, कारण ती पळतच नव्हती, पण निघायची कशी ते पक्कं डोकशात बसलं आहे. आधी लांब सुस्कारा, मग चाक जरासं फिरल्यासारखं वाटायचं आणि नाही फिरलं असंही वाटायचं, मग डब्यांचे हुक एकामागून एक ताणले जायचे खट खट खट, आणि तेव्हा कुठे बाकावरची म्हातारी हलायची.

म्हणून मी मोटर तपासतो ती एकाच गोष्टीवर. जोर किती हे नंतर. जागेवरून निघते कशी ते आधी. छोट्या इंजिनात खरी अडचण ताकदीची कधीच नसते, ढिगानं ताकद असते, अडचण असते ती झटका मारून निघण्याची आणि झटका मारून थांबण्याची. खेळण्यातली गाडी आणि मॉडेल ह्यात फरक तेवढाच.

आधी फेऱ्यांचा हिशेब

गुरुजींचं मॉडेल 1:48 चं आहे, म्हणजे खऱ्यापेक्षा 48 पट लहान. खऱ्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, भागिले 48, म्हणजे 15.9 मिमी, आणि बाजारात मिळणारा एचओचा (1:87 च्या मॉडेल गाड्यांचा) रूळ 16.5 मिमीचा, म्हणजे जवळपास जुळलं, अर्ध्या मिलिमीटरसाठी कोणी पट्टी घेऊन येत नाही.

आता चाकाला मिनिटाला किती फेरे पाहिजेत? मी पहिले कितीतरी दिवस स्केल लावून लावून वह्या भरल्या, वेग भागिले 48, चाक भागिले 48, आणि मग एक दिवस लक्षात आलं का दोन्हीकडचा 48 कटून जाते! गाडी 48 पट लहान झाली तसं चाकही 48 पट लहान झालं, मग फेरे खऱ्या इंजिनाला जेवढे तेवढेच मॉडेलला. स्केल कोणतंही घ्या. अडीच फुटी चाक धरून चालू, त्याचा घेर 2.39 मीटर, ताशी 30 किमी म्हणजे सेकंदाला 8.33 मीटर, भागाकार करा, सेकंदाला साडेतीन फेरे, मिनिटाला 208 च्या आसपास. बस. शकुंतलेला तीसच्या वर न्यायचं काही कारण नाही, यवतमाळहून मूर्तिजापूर 113 किलोमीटर आणि तेवढ्याला ती अर्धा दिवस खायची. तर आपल्याला पाहिजे फुल व्होल्टेजवर एक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, दोनशेच्या आसपास फेरे, आणि त्याच्या खाली गुळगुळीत उतरत जाऊन दहा फेऱ्यांवरही बंद न पडणारी मोटर.

हा आकडा हातात असला का अर्धे पर्याय आपोआप गळतात. उदाहरणार्थ नुसती खेळण्यातली मोटर, गिअर न लावता. तिचे फेरे दहा-दहा हजार. एक्सलला सरळ जोडली तर शकुंतला विमान होते.

एन-20: चिमटीतली मोटर

हीच ती टेबलावरची. गिअरबॉक्स तिला लागूनच येते, पितळी पट्ट्यांच्या मधात बारीक दातांची चाकं. रुंदी 12 मिमी, जाडी 10, मोटर आणि गिअर मिळून लांबी 24-25, पुढे 3 मिमीचा शाफ्ट, एका बाजूनं सपाट घासलेला, एक सेंटिमीटर बाहेर आलेला. 6 व्होल्ट, 12 व्होल्ट, आणि फेरे 30 पासून हजारापर्यंत पाहिजे ते. मला दोनशे-अडीचशेत पडते, एकदम चार मागवल्या तर कमीत.

हिची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गिअर जुळवायची झंझट कंपनीनंच संपवलेली असते. दातात दात किती खोल पाहिजे, शाफ्ट सरळ आहे का वाकडा, हे काही पाहावं लागत नाही. ज्याच्याकडे लेथ नाही, ड्रिल स्टँड नाही, कानस आणि हॅक्सॉ ब्लेडवर ज्याचं घर चालते त्याच्यासाठी हे लय मोठं आहे, कारण मोटर-गिअरमध्ये नव्वद टक्के लोक तिथेच मार खातात.

पण बसवायची कशी, इथे डोकं लागते. शाफ्ट एक्सलशी समांतर पाहिजे म्हणून मोटर आडवी चाकांच्या मधात टाकू म्हणाल तर नाही जात, दोन चाकांच्या आतल्या बाजूतलं अंतर साडेचौदा मिमीच्या आसपास, आणि ही शाफ्टसकट 34-35. म्हणजे मोटर वरच बसली पाहिजे. मी तीन जागा करून पाहिल्या आहेत.

एक, ड्रायव्हरच्या कॅबमध्ये आडवी. 1:48 मध्ये बॉडी चाळीस मिमीच्या वर रुंद असते, तेवढ्यात 35 आरामात मावते, खाली साध्या दोन-तीन प्लॅस्टिक गिअरनं मागच्या एक्सलला जोडायची. सगळ्यात सोपं. फक्त कॅब भरून जाते, आतला ड्रायव्हर, ते कोळशाचं फावडं, काही दाखवता येत नाही. दुसरं, बॉयलरच्या आत लांब झोपवायची. हे दिसायला सगळ्यात मस्त, बाहेरून काही कळतच नाही. 12 बाय 10 चा कर्ण येते 15.6 मिमी, म्हणजे बॉयलरचा पाइप आतून निदान 16 पाहिजे. मी आधी ठिबकची 16 ची नळी घेतली, वावरात तुकडे पडलेच असतात, पण तो 16 बाहेरचा असते, आतून कमी, मोटर अर्ध्यात फसली. ठिबकच्या 20 च्या नळीत जाते, पण त्या नळीवर रंग टिकत नाही, म्हणून शेवटी लाइट फिटिंगचा 20 चा कडक पाइप घेतला. बाहेरून 20 म्हणजे खऱ्यात 96 सेंटिमीटरचा बॉयलर, छोट्या इंजिनाला शोभतो. मात्र इथे शाफ्ट गाडीच्या दिशेनं येतो आणि एक्सल आडवा, म्हणून काटकोनात फिरवायला बेव्हल गिअरची जोडी लागते, आणि ती जोडी जुळवणं म्हणजे पुन्हा तीच झंझट जी एन-20 घेऊन आपण टाळली होती. तिसरी जागा फायरबॉक्समध्ये उभी, शाफ्ट खाली करून. ती मला पटली नाही, इंजिन डोक्यानं जड होते.

गिअर घेताना एक लक्षात ठेवा का एक्सलवरचं दाताचं चाक गाडीच्या चाकापेक्षा चांगलं लहान पाहिजे, नाहीतर रुळाच्या सांध्यावर घासते. गुरुजींचं चाक 16 मिमीचं, अर्ध्या मॉड्युलचं (मॉड्युल म्हणजे दात्याचं माप) 20 दाती गिअर घेतलं तर बाहेरून 11, म्हणजे खाली अडीच मिमी जागा उरते. चालते.

आता वाईट बाजू. एक, आवाज. फुल व्होल्टेजवर ही अशी किरकिरते का घरात सगळ्यांना समजते तुम्ही अभ्यास करून राहिले का गाडी. दोन, पाकिटावर लिहिलेले फेरे रिकाम्या मोटरचे असतात, ओझं लागलं का पाव हिस्सा कमी धरा. 200 लिहिलं असेल तर गाडीला लागल्यावर दीडशे मिळतील, म्हणजे ताशी 21-22 किमी. माझ्या मते शकुंतलेला ते बरोबरच आहे, पण कोणाला तीसच पाहिजे असेल तर 300 वाली घ्या. तीन, कमी फेऱ्यांची एन-20 हातानं ढकलायची नाही. 30-50 वाली तर अजिबात नाही, आतले पितळी दाते सोलून निघतात. माझ्या भाच्यानं एक तशीच वाजवली, "मामा हे अडकलं होतं, मी सुटं केलं." सुटं झालंच होतं, पार सुटं.

आणि चौथी गोष्ट आपल्या इकडची खास. ह्या गिअरबॉक्सच्या बाजू उघड्या असतात. वेचणीच्या दिवसात अर्धं गाव कापूस घरात भरते, आमच्याकडे तर पुढची खोली छतापर्यंत, आणि रुईचा तंतू हवेत उडतच राहते. तो बरोबर त्या उघड्या गिअरमध्ये जाते. एकदा इंजिन हळू हळू होत होत बंद पडलं, मला वाटलं मोटर गेली, भिंग लावून पाहिलं तर दुसऱ्या गिअरच्या शाफ्टवर पांढरा धागा असा गुंडाळला होता जसा चातीवर सूत, वंगणानं काळा-पांढरा झालेला. सुईनं उकलायला अर्धा तास लागला. त्यानंतर मी जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून गिअरबॉक्सभोवती गुंडाळतो, दोऱ्यानं बांधतो. काळी चिकटपट्टी लावू नका, उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून आतच जाते.

वर्म आणि डब्बा मोटर: जुना रस्ता

जगभर मॉडेलवाले वर्षानुवर्षे हेच वापरत आले. डब्बा मोटर म्हणजे गिअर नसलेली, पत्र्याच्या डब्यातली साधी मोटर; तिच्या शाफ्टवर स्क्रूसारखा आटा, म्हणजे वर्म, आणि एक्सलवर त्यात अडकणारं दाताचं चाक. 30 दाताचं चाक असेल तर मोटर 30 वेळा फिरली का एक्सल एकदा. काटकोन आपोआप होते, बेव्हल लागत नाही, मोटर लांब झोपते, आवाज एन-20 पेक्षा कितीतरी कमी. आणि निघणं! जुळलं असेल तर असं निघते का खरंच चाक फिरलं का नाही कळत नाही. मला माझं सगळ्यात आवडतं इंजिन विचाराल तर ते वर्मवालंच आहे.

पण ते माझं पाचवं आहे. पहिली दोन वर्मवाली भंगारात गेली, त्याची गोष्ट ऐका.

वर्म आणि चाकाच्या मध्यांमधलं अंतर बरोबर पाहिजे. समजा मॉड्युल 0.4 आणि 30 दाते, तर चाकाचा कामाचा व्यास, म्हणजे दाते भिडतात तिथला, 12 मिमी. वर्म बाहेरून 6 असेल तर कामाचा व्यास 5.2. दोन्हीची बेरीज 17.2, अर्धं केलं का 8.6 मिमी. हे अंतर. 8.4 झालं तर जाम, 8.9 झालं तर दाते वरच्या वर घासतात आणि आठवड्यात टोकं उडतात. म्हणजे पाव मिलिमीटरचा खेळ, आणि आपण तो हातानं, डोळ्यानं, पत्र्यावर खुणा करून खेळणार. मी पहिल्यांदा जाम केलं, दुसऱ्यांदा ढिलं.

तिसऱ्यांदा युक्ती सापडली. भोक आधीच पक्कं पाडायचं नाही, मोटरच्या बुडाला भोकाऐवजी लांबट खाच करायची. वर्म आणि चाकाच्या मधात पातळ कागदाची पट्टी घालायची, मी बिलबुकाची कार्बनखालची पातळ कॉपी घेतो, मोटर दाबून स्क्रू आवळायचा आणि मग चाक फिरवून कागद बाहेर काढायचा. कागदावर दात्यांचे वळ उमटलेले पाहिजेत पण कागद फाटायला नको. फाटला तर घट्ट, वळच नाही तर ढिलं. ह्या एका गोष्टीनं माझं काम झालं, हिशेब वहीत राहिला.

तरी भानगडी संपत नाहीत. वर्म फिरताना मोटरच्या शाफ्टला पुढे-मागे ढकलते, आणि स्वस्त मोटरीत शाफ्ट अर्धा-पाऊण मिमी हलतोच, म्हणून गाडी उलटी केली का टक् आवाज येते आणि उतारावर गाडी गचके खाते. त्यावर उपाय बारीक वॉशर, शाफ्टवर वर्मच्या मागे, हलणं कागदाइतकं उरेपर्यंत. दुसरी भानगड वर्म शाफ्टवर पक्का करण्याची. मी घाईत झटपट सुकणारा गोंद टाकला, थेंब शाफ्टवरून ओघळत सरळ मोटरच्या बुशमध्ये, म्हणजे शाफ्ट ज्या कडीत फिरतो तिच्यात, गेला आणि नवी कोरी मोटर दोन सेकंदात दगड झाली. पाच एचपी रिवाइंड करणारा माणूस मी, आणि अशी फजिती. तेव्हापासून गोंद सुईच्या टोकावर घेतो, मोटर उभी धरतो शाफ्ट खाली करून, आणि बुशला आधी ग्रीसचं बोट लावून ठेवतो.

मोटर कोणती? खेळण्यात सापडते ती 130 साइजची, 20 बाय 15 बाय 25 मिमी, शाफ्ट 2 मिमी. ती लगेच मिळते पण करंट लय खाते, गरम होते, आणि 20 च्या पाइपात जात नाही, कॅबमध्ये ठेवावी लागते. भंगारातल्या सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या ट्रेची मोटर मला त्यापेक्षा बरी वाटली. कोणतीही घ्या, आधी शाफ्ट बोटानं हळू फिरवून पाहा. खटके लागतात ना, कट-कट-कट, ते जितके जोरात तितकी ती गाडी हळू चालवताना अडखळणार. पाच पोलची, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर तारेच्या पाच गुंडाळ्या असलेली, मोटर मिळाली तर सोनं, पण खेळण्यात सगळ्या तीन पोलच्याच असतात.

कॅबमधल्या मोटरपासून वर्म लांब पडला तर मधात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी जोडायची. शाफ्ट थोडे वाकडेतिकडे असले तरी ती सांभाळून घेते, आवाजही खाते. आणि जागा उरली तर मोटरच्या शाफ्टवर पितळेचं छोटं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक. हे वर्मवाल्याला फार गरजेचं, कारण एकेरी आट्याचा वर्म उलटा फिरत नाही, करंट गेला का गाडी जागेवर खिळते. रुळावर धुळीचा एक ठिपका आला का गचका. फ्लायव्हील तेवढ्यापुरती गाडी पुढे ओढून नेते. नेहमीच्या एन-20 ला हे करता येत नाही, तिचा जोरात फिरणारा शाफ्ट आत लपलेला असते, फक्त मागूनही शाफ्ट बाहेर आलेली मिळाली तर जमते. वर्मवाली गाडीही ढकलायची नाही हे सांगायला नकोच, घरात पोट्टे असतील तर काचेत ठेवा.

गुणोत्तराचं एवढंच का दहा हजारी मोटर आणि 1:30 म्हणजे 333 फेरे, ताशी 48 किमी. शकुंतलेसाठी जास्त. 1:48 च्या जवळचं गिअर (हा 48 गिअरचा, स्केलचा नाही) मिळालं तर उत्तम, नाहीतर वर्मनंतर आणखी एक साधी जोडी, पण ते पहिल्याच इंजिनात करू नका.

बीओ मोटर

पिवळ्या प्लॅस्टिकची, शाळेच्या रोबोट किटमध्ये येते ती. पन्नास-साठ रुपयांत मिळते, गिअर 1:48, सहा व्होल्टवर दोनशेच्या आसपास फेरे, म्हणजे आकडा बरोबर आपल्याला पाहिजे तो! पण लांबी 70 मिमी. गुरुजींच्या बॉडीत घातली तर इंजिन मोटरवर बसवलं असं नाही, मोटरवर इंजिन पांघरलं असं दिसेल.

हिची जागा वेगळी आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी 45 मिमी रुळावर मोठं इंजिन केलं, म्हणजे 1:17, प्लायवूडचं, 45 मिमीचं चाक, तर फेरे वर सांगितले तसे तेवढेच लागतात, आणि ही मोटर दोन स्क्रूत बसते. पोट्ट्यांना करू द्या, तुटली तर साठ रुपये गेले. शाफ्ट प्लॅस्टिकचा असल्यामुळे काही दिवसांनी चाक त्यावर गोल फिरायला लागते, तेवढं धरून चाला. हळू चालत नाही, एकदम निघते. प्रदर्शनात कोण पाहते.

तयार चासीस

जपानच्या काटो कंपनीचं छोटं चासीस, 9 मिमी रुळाचं, मोटर-गिअर-चाकं सगळं जुळलेलं. वर आपली बॉडी ठेवायची. 762 भागिले 87 म्हणजे 8.76, म्हणून 1:87 चं नॅरोगेज करणारे लोक ह्यावरच जीव टाकतात, आणि चालते झकास यात वाद नाही. पण बाहेरून मागवा, कस्टम भरा, आणि बॉडी 1:87 ची पाहिजे, म्हणजे गुरुजींनी केलेली सगळी बॉडी फेकायची. ज्यानं अजून काहीच सुरू केलं नाही, हातात पैसे आहेत आणि ज्याला फक्त बॉडी बनवण्यात रस आहे, त्यानं हेच घ्यावं. 1:48 साठीही 16.5 मिमीची तयार चासीस परदेशात मिळतात, किंमत पाहून मी पान बंद केलं.

कोरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेल्या, मोटरबद्दल दोन जणांनी विचारलं होतं. लहान, गुळगुळीत, महाग, अडकली का पटकन गरम होते. मोबाईलच्या व्हायब्रेटरची मोटर काढून लावू का, तर नका लावू.

ऊन, तेल आणि लाइट

मोटर-गिअरचं माउंटिंग हल्ली लोक 3डी प्रिंट करून घेतात, यवतमाळ-अमरावतीत करून मिळते. साधं पीएलए प्लॅस्टिक साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडते. तुम्ही म्हणाल एवढं तापमान कुठे असते. मे महिन्यात बाहेर 45 असते तेव्हा टिनाच्या छताखालच्या वरच्या फळीवर हात ठेवून पाहा. माझं एक वर्मचं माउंटिंग तिथेच ठेवलं होतं, जूनमध्ये काढलं तर केळीच्या सालीसारखं किंचित लोळलेलं, 8.6 चं अंतर कुठल्या कुठे. वर्मवाल्यानं पितळी पट्टी किंवा जाड पत्राच घ्यावा. एन-20 ला हा धोका कमी, तिचं अंतर तिच्या स्वतःच्या धातूत आहे, माउंटिंग थोडं वाकलं तरी ती बिघडत नाही, बाहेरच्या जोडीचंच काय ते पाहावं लागते.

खोबरेल तेल टाकू नका. हसू नका, आमच्या बाबांनी टाकलं होतं, "शिलाई मशीनले चालते तं तुह्या इंजिनले काऊन नाई चालत?" दिवाळीपर्यंत चाललं. मग थंडी पडली, खोबरेल चोवीस डिग्रीच्या खाली गोठते, आणि सकाळी गिअरमध्ये पांढरी मेणबत्ती. बुशला शिलाई मशीनचं पातळ तेल, सुईच्या टोकावर येईल तेवढंच, आणि दात्यांना सिलिकॉन ग्रीस.

लोडशेडिंगचं तर सगळ्यांना माहीतच आहे. एन-20 ची 6 व्होल्टवाली घेतली तर जुन्या पॉवर बँकेतल्या एका 18650 नंबरच्या लिथियम सेलवर, म्हणजे 3.7 व्होल्टवर, आरामात हळू हळू फिरते, सेल मागच्या डब्यात लपतो, रुळातून करंट घ्यायची गरजच राहत नाही, धूळ-रुईचा त्रासही गेला. सेलला प्रोटेक्शन सर्किट मात्र लावा. फेऱ्यांचा आकडा तेवढा बदलतो, 3.7 वर 6 व्होल्टवाली साठ टक्केच फिरणार, म्हणून तिथे 300 वाली घ्यायची. 130 ची मोटर अशी सेलवर चालवली तर सेल पाणी प्यायल्यासारखा संपते.

मग गुरुजींनी काय घ्यावं

एन-20. 12 व्होल्ट, 200 फेरे, रुळावरून करंट, कॅबमध्ये आडवी, साधे गिअर. बॉयलरमध्ये लपवायचा मोह होईल, पहिल्या इंजिनात आवरा. आवाज होईल, त्याच्यासाठी मोटरखाली सायकल ट्यूबचा तुकडा ठेवा, निम्मा तरी कमी होते. वर्म जास्त चांगला चालते हे मीच वर लिहिलं आहे आणि ते खरंच आहे, पण तो जुळला तर. पैसे एकदाच मिळणार असतील तर जो पर्याय फसण्याचा रस्ताच ठेवत नाही तो घ्यावा. ज्याच्या ओळखीत लेथवाला आहे किंवा ज्याला दोन मोटरी भंगारात घालायची मनाची तयारी आहे, त्यानं सरळ वर्मवर जावं, माझ्यासारखे मधले पाच करत बसू नये.

आणि गुरुजी, मोटर लावायच्या आधी एक काम नक्की करा. कपलिंग रॉड, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणारे दांडे, लावलेलं चासीस, मोटरशिवाय, काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि काच एका बाजूनं हळू उचला. आपोआप घरंगळलं पाहिजे. एकाच ठिकाणी अडत असेल तर दोन्ही बाजूच्या चाकांच्या पिना एकमेकींशी बरोबर 90 अंशात नाहीत, किंवा रॉडची भोकं घट्ट आहेत. ते तसंच ठेवून मोटर लावली का गाडी लंगडते आणि लोक म्हणतात मोटर भिकार निघाली. रॉडची भोकं थोडी मोठी करायला लाजू नका. वजन दोनशे ग्रॅमपर्यंत न्या, टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं चालतात, बॉयलरमध्ये आता मोटर नाही तर तिथेच भरा. एवढ्या वजनाला चाकं आधी घसरतील, एन-20 अडकून जळायची वेळ येणार नाही, गाडी हातानं धरून खात्री करून घ्या.

गिअर तिकडे नाही मिळाले तर माझ्याकडे अर्ध्या मॉड्युलची 20 दाती तीन चाकं पडली आहेत, 3 मिमी भोकाचं एक आणि 2 मिमीची दोन. एसटीनं कोणी येत असेल तर त्याच्या हातून नेऊन घ्या. पैसे नको, अंजनगावची विड्याची पानं पाठवा, बाबा खूश होतील.